अट माझीच होती, वच्छे

दोन हजार बारा साल चालू आहे आणि मी एकाहत्तर वर्षांचा आहे. तू पासष्टची होतीस, वच्छे. आपल्या घरात माणसं आधी जातात आणि बाया मागे राहतात. आजी नव्वदीपर्यंत जात्यावर बसायची. आई आबांच्या मागे अठरा वर्षं राहिली. त्या भरवशावर तुझ्याशी जे बोलायचं होतं ते मी खुशाल पुढं ढकलत आलो. वाटायचं, वच्छी कुठं जाते? तिच्या सासरचं अमडापूर काय लंकेत आहे? जीपमध्ये बसलं की उतरलोच. बोलू कधीतरी.

आज तुला जाऊन सतरा दिवस झाले.

हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. रफीक म्हणाला, "चाचा, तुम्ही बोला, मी टाइप करतो." मी नाही म्हणालो. चौथी पास माणसाचं अक्षर कसं असतं ते तुला माहीत आहे. तूच म्हणायचीस, "भाऊ, तुहं अक्षर म्हंजे वल्या वावरातून कोंबडी गेली." तरी हातानंच लिहितो. बोलून लिहवलं तर मी मधेच खोटं बोलेन. कागदावर लिहायला मला एवढा वेळ लागतो की खोटं पुरं होईपर्यंत लाज येते.

तुला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, म्हणून थोडं सांगून घेतो. चिखलीला एसटी स्टँडच्या मागं शेख रफीकचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. झेरॉक्स, फोटो, फॉर्म भरणं. त्यानं इंटरनेटवर एक पान काढलं, 'धुऱ्यावरून', म्हणजे बांधावरून, नावाचं. त्या दिवसांत ज्याला त्याला मराठीत ब्लॉग लिहायचं वेड लागलं होतं. शेतीवर, ढोरांवर, बाजारावर. एवढे झाले की कोणाचं वाचावं आणि कोणाचं सोडावं हे समजेना. तर रफीकच्या पानावर यादी, की बाबांनो, हे ब्लॉग वाचण्याजोगे आहेत. नावं लोकांनीच सुचवायची, अर्ज लिहिणाऱ्यानं करायचा, आणि दर बाजाराच्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तिघांनी निवड करायची. तिघं म्हणजे रफीक, रिटायर झालेले गवई गुरुजी आणि मी.

मी त्यात कसा शिरलो, ते तुला मी दहा वेळा सांगितलं आणि दहाही वेळा तू हसलीस. मी झेरॉक्सच्या रांगेत उभा होतो. आतून गुरुजी कोण्या शहरातल्या माणसाचं लिहिलेलं वाचून दाखवत होते, श्रावणाच्या उन्हात कपाशीची वावरं कशी पांढरीशुभ्र दिसतात वगैरे. मी रांगेतूनच ओरडलो, "श्रावनात पऱ्हाटी पांढरी झाली त तिले पिठ्या ढेकून लागला म्हना, मास्तर!" सगळं दुकान हसलं. रफीक बाहेर आला आणि म्हणाला, "चाचा, तुम्हीच बसा ना निवडाले." मी बसलो. चौथी पास माणूस शिकलेल्यांचं लिहिलेलं पास-नापास करायला बसला. ती खुर्ची प्लॅस्टिकची होती, पण खरं सांगतो, मला ती पाटलाच्या गादीसारखी वाटायची.

निवडीची पद्धत मीच सांगितली. चहाचा एक जुना कप मधे ठेवायचा. गुरुजींनी वाचून दाखवलं की ज्याला पसंत त्यानं कपात सरकी टाकायची, नापसंत त्यानं खडा. खडा एकाचा जरी निघाला तरी ब्लॉग बाहेर.

सातबाऱ्याची अटही माझीच. ती आली त्याला कारण होतं. पहिल्या वर्षी आम्ही एक ब्लॉग तिघांच्या सरकीनं घेतला. कोण्या शेतकऱ्याची रोजची वही म्हणून. फार गोड लिहायचा. बीटीच्या एका जातीचं असं वर्णन करायचा की दूध पिऊन पोर वाढावं तशी पऱ्हाटी वाढते. आपल्या भागातल्या बऱ्याच लोकांनी आमच्या यादीवर भरवसा ठेवून ते बियाणं लावलं. दसऱ्याच्या आधीच लाल्या आला. पानं लाल होऊन वावरं भाजल्यासारखी दिसत होती. मग समजलं, तो शेतकरी नव्हताच. बियाणं विकणारा होता, पलीकडच्या जिल्ह्यातला, वीतभर वावर नाही. लोक रफीकच्या दुकानावर आले तेव्हा मी टेबलावर हात आपटून सांगितलं, "यापुढं ज्याले शेतकरी म्हनून यादीत याचं हाये त्यानं सातबाऱ्याची नक्कल जोडा. त्यावर लिहिनाऱ्याचं नाव पाह्यजे. तोंड खोटं बोलते, सातबारा बोलत नाई."

ती अट चांगलीच होती. मी आजही म्हणतो. अटीनं किती लबाड बाहेर राहिले त्याची गुरुजी साक्ष देतील. लोक मला सातबारावाले काका म्हणायला लागले. मला ते आवडायचं.

मग दोन वर्षांमागची भाऊबीज आली.

तू पाटासमोर बसलीस. ओवाळलंस. मी ताटात साडी ठेवायला हात पुढं केला, तर तू ताट मागं घेतलंस.

"साडी राहू दे, भाऊ. औंदा दुसरं पाह्यजे."

"सोन्याचं बोलू नको," मी म्हणालो. सुना हसल्या.

"तुह्या त्या यादीत घाल मले."

तेव्हा घरातले सगळेच हसले. मला वाटलं तू मस्करी करतेस. तू लिहितेस हे मला माहीत होतं. सुनंदा, तुझी पोरगी, अंगणवाडीतून आली की तुझ्या वह्यांतलं टाइप करून ब्लॉगवर टाकते हेही ऐकलं होतं. 'ओटीभर कापूस' हे नावही ठाऊक होतं. पण ते म्हणजे बायांचं काही पापड-कुरडयांचं असेल, असं मी धरून चाललो होतो.

"अर्ज कर मंग. वाचू."

"अर्ज केला. रफीकपाशी हाये. तो मने, फूफी, सातबारा लागते."

"लागतेच."

"मले बी?"

"नियम म्हंजे नियम, वच्छे. तथी बहीन नाई का बायको नाई."

तू ताट तसंच धरून माझ्याकडं पाहत राहिलीस. रागानं नाही. लहानपणी मी तुझी पाटी फोडून बैलानं पाय दिला म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तू अशीच पाहत होतीस, की आता हा स्वतःच सांगेल. मग म्हणालीस, "बरं." ताट खाली ठेवलंस, साडी घेतलीस, पायावर डोकं ठेवलंस. जेवताना करंजीत खोबरं कमी पडलं म्हणून माझ्या मोठ्या सुनेची मजा घेतलीस. जाताना म्हणालीस, "भाऊ, वाचून त पाय."

त्या घडीला मला काही आठवलं नाही. आपण तहसीलला गेलो होतो ते माझ्या डोक्यातच आलं नाही. हे वाक्य मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. आज लिहिलं आहे, खोडत नाही. राहू दे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गुरुजींनी तुझं वाचलं. सुरुवातीलाच वेचणीचं होतं. तू लिहिलं होतंस: 'नवी पोरगी ज्या बोंडाला हात घालते त्याच बोंडाकडे पाहते. जुनी बाई पुढच्या बोंडाकडे पाहते. हातातलं बोंड हाताला ठाऊक असते. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं फाटतात तेव्हाही ती पुढेच पाहते.' गुरुजी थांबले आणि चष्मा पुसून म्हणाले, "हे अजून कोनं लिहिलं नाई."

दुसरं, नवीन बियाण्याचं. 'लोक म्हणतात अळी गेली. अळी गेली पण पंप नाही गेला. मावा-तुडतुड्यासाठी आज फवारतात आणि उद्या सकाळी आम्ही त्याच पानांत हात घालतो. पहिले बोंडं टप्प्याटप्प्यानं फुटायची, आता सगळ्यांची एकदम फुटतात, म्हणून दिवाळीत सगळ्यांनाच बाया पाहिजेत आणि बाईला दिवाळी नाही.'

तिसरं पंचनाम्याचं. नापिकीच्या वर्षी सरकारी माणूस तुझ्या दिराच्या वावरात आला. तू पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या तासात उभी होतीस, वेचणीची ओटी कमरेला बांधलेली. त्यानं तुलाच विचारलं, 'शेतकरी कुठं आहे?' तू लिहिलं होतंस, 'मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग माझ्या ध्यानात आलं आणि मी दिराला हाक मारली.'

रफीक उठून उगीच पंखा कमी-जास्त करून आला. मला वाटत होतं, जावं, अमडापूरची जीप धरावी आणि तुला सांगावं, की वच्छे, माझी सत्तरी आली, मी कापसात जन्मलो, पण कापूस मी आज पाहिला. हे मी तुला सांगितलं नाही. आता सांगतो आहे.

त्याच लिखाणात पुढं एक ओळ होती. 'आमच्या वावरात विहिरीकडच्या पट्टीत लहानपणी मी पहिली वेचणी केली.' विहिरीकडची पट्टी म्हणजे आपली. माझी. गुरुजी सहज म्हणाले, "म्हंजे भाऊ, तुमच्याच वावरातली लेखिका हाये."

आणि मी बोललो. शब्दाला शब्द लिहितो. "आमच्या वावरात म्हनते, पन कोन्त्या? माहेरचं तिच्या नावावर नाई, सासरचं दिराच्या नावावर. दोन्हीकडं नाव नाई आन् आमचं वावर लिहिते. हेच लबाडी झाली. त्या बियानंवाल्यात आन् हिच्यात काय फरक?"

रफीक म्हणाला, "चाचा! फूफी है अपनी!"

"म्हनूनच. उद्या लोक म्हनतीन, सातबारावाल्या काकानं बहिनीले घुसवलं."

कपात दोन सरक्या आणि एक खडा निघाला. खडा कोणाचा हे विचारायची गरज नव्हती.

आता ते मघाचं वाक्य. आठवलं नाही म्हणालो ते. वच्छे, माणूस जे विसरलेला असतो त्यावर एवढ्या जोरात बोलत नाही. मला आठवलं होतं. भाऊबीजेच्या पाटावरही आठवलं होतं, तू "मले बी?" म्हणालीस तेव्हाच. आणि आठवलं म्हणूनच मी नियम म्हंजे नियम म्हणालो.

आबा गेल्यावर वारस म्हणून तुझं नाव माझ्या नावाखाली सातबाऱ्यावर लागलं होतं. तलाठ्यानं लावलं, कायद्यानं लावलं. तू तेव्हा विधवा होऊन दोन वर्षं झालेली, सुनंदा लहान, दिराच्या घरात सगळ्यांच्या मागून जेवणारी. मी तुला चिखलीला घेऊन गेलो हक्कसोड करायला. एसटीत तू खिडकीशी बसली होतीस. मी म्हणालो, "वाटा घेतला त माहेर तुटते, वच्छे. सोडला त जन्मभर राहीन. पाय बॉ." तू बाहेर पाहत म्हणालीस, "मी कुठं मांगून राह्यली?" ऑफिसातल्या साहेबानं विचारलं, बाई, राजीखुशीनं सोडता ना? तू माझ्याकडं पाहिलंस आणि "हाव" म्हणालीस. बाकीच्या बाया अंगठे देत होत्या. तू सही केलीस, पुरं नाव, सातवीतलं वळणदार अक्षर. त्या साहेबानंही पाहिलं. नंतर मी तुला साडी घेतली, हिरव्या बांगड्या विधवेला चालत नाहीत म्हणून साध्या घेतल्या, भजे खाऊ घातले, आणि वाटलं की भाऊ म्हणून मी काही कमी केलं नाही.

तुझ्या नावाचा सातबारा मीच कोरा केला आणि वीस वर्षांनी तुझ्याकडं सातबारा मीच मागितला. अटीत काही खोट नव्हती.

रफीकनं मधला रस्ता काढला होता. यादीत दोन भाग आहेत, 'शेतकरी' आणि 'इतर'. इतरला सातबारा लागत नाही. गाणी, नकला, तीर्थयात्रा तिथं असतात. मी त्याला तोंड वाकडं करून हो म्हणालो. तू सुनंदाकडून निरोप पाठवलास, "इतरात नोको. वेचनी इतरात येत नाई." तेव्हा मी म्हणालो, पाहा, गर्व किती आहे. गुरुजी हळूच म्हणाले, "एकाच घरचा दिसते गर्व."

आपलं दुसरं भांडण तर अर्धंच राहिलं. बीटीच्या डब्यात मोठ्या पाकिटासोबत साध्या सरकीची लहान पुडी येते. ती भोवतीनं चार ओळी लावायची असते, म्हणजे अळी तिथं खाईल आणि नव्या झाडाची सवय लावून घेणार नाही, असं म्हणतात. गावात कोणीच लावत नाही. मीही ती उकिरड्यावर फेकायचो. तू मिरगात माहेरी आलीस की उकिरड्यावरून त्या पुड्या वेचून आणायचीस आणि नाल्याकडच्या धुऱ्यानं दोन ओळी टोबून जायचीस.

"अळीले वाटा देते का बे येडे?" मी म्हणायचो.

"द्या लागते, भाऊ. तिचा हिस्सा तिले देल्ला त ती तुह्या वावरात शिरत नाई."

"आन् माही जागा जाते तिचं काय?"

"दोन ओळी जातात. सारं वावर त नाई जात."

त्या दोन ओळींना अळी लागायचीच, आणि मी तुला बोलावून बोलावून दाखवायचो, की पाय तुह्या पाहुण्या. तू म्हणायचीस, लागू दे, त्यासाठीच हायेत त्या. तुझं खरं का माझं, हे अजून ठरलं नाही. यंदा तुझी तब्येत बरी नव्हती, तू मिरगात आली नाहीस. पुडी मी फेकली नाही. लावलीही नाही. कोनाड्यात पडली आहे.

आणखी एक गोष्ट तुला ठाऊक नव्हती असं मी समजत होतो. खडा टाकल्यानंतरही मी दर बाजाराच्या दिवशी रफीककडं थोडा लवकर जायचो. "काय टाकलं तिनं?" विचारायचो. तो तुझा ब्लॉग उघडायचा आणि वाचून दाखवायचा. दोन वर्षं, एकही बाजार न चुकता. तुझं एक अक्षर मी सोडलं नाही. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचं तू लिहिलंस, त्यात एका 'ओळखीच्या माणसा'ला तू दोन औषधं मिसळताना थांबवलं होतंस, कारण त्याला बाटलीवरचं बारीक वाचता येत नव्हतं. नाव लिहिलं नाहीस. मी खाली मान घालून ऐकलं. त्या दिवशी तू बाटली हातातून ओढून घेतली नसतीस तर आज हे लिहायला मी नसतो, तूच माझ्यावर लिहिलं असतंस आणि कितीतरी चांगलं लिहिलं असतंस.

जोडाक्षरांची ओळखही तुझीच. मला चौथीनंतर काढून औतामागं लावलं. मग तू शाळेत जायला लागलीस आणि संध्याकाळी ढोरं बांधली की गोठ्यासमोरच्या धुळीत काडीनं मला जोडाक्षरं शिकवायचीस. मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, मला राग यायचा. तुझं नाव लिहिताना 'च्छ' माझ्याकडून निघायचाच नाही. "बहिनीचं नाव त लिहिता आलं पाह्यजे ना भाऊ," म्हणायचीस आणि माझा हात धरून गिरवायचीस. त्या जोरावर मी पेपर वाचायला शिकलो. त्या जोरावर त्या खुर्चीत बसलो.

गेल्या भाऊबीजेला तू आलीस, ओवाळलंस, साडी घेतलीस, काही मागितलं नाहीस. मला वाटलं, विसरली.

दहाव्याला अमडापुरात नदीवर पिंड ठेवला. मी मनात घाबरून होतो. वाटलं, कावळा काही शिवणार नाही, दोन-दोन तास उन्हात बसावं लागेल, चारचौघांत विचारतील, बाईचं काय राहिलं होतं, आणि मला उठून बोलावं लागेल. मी बोलायचं ठरवूनही गेलो होतो. पण ठेवला तसा कावळा शिवला. लोक म्हणाले, "सुटली माय. काही इच्छा राह्यली नाई." तुझा दीर हात जोडून रडला. माझ्यावर मात्र दगड पडला. तू माझ्याकडून काही घ्यायचंही ठेवलं नव्हतंस.

नदीवरून तुझ्या घरी आल्यावर सुनंदानं एक लिफाफा आणून दिला. "मामा, हे तुमचं हाये का आईचं हाये मले समजत नाई. तुम्हीच ठेवा."

आत सातबारा होता. आपल्या वावराचा, आबा गेल्यानंतरच्या वर्षांचा, हातानं लिहिलेला, त्याची नक्कल. माझं नाव. त्याखाली तुझं नाव, कंसात. कमी केलेलं नाव कंसात टाकतात. बाजूला फेरफाराचा नंबर आणि भावाच्या नावे हक्कसोड असा शेरा.

"आईनं काढून आनली व्हती," सुनंदा म्हणाली. "त्या भाऊबीजेनंतरच. दोन चकरा मारल्या तलाठ्याकडं. मने, नाव त हाये ना त्यावर, कंसात का होईना. अर्जाले जोडाले चिखलीलेबी गेल्ती ते. रफीकभाईच्या दुकानापर्यंत."

"मंग?"

"दुकानातून परत आली. मने, नोको. तथी अजून दोघं बसेल असतात. भावाचं तोंड उतरीन."

मी कागद परत लिफाफ्यात घातला. सुनंदा म्हणाली, "अजून एक सांगू का, मामा? आईच्या ब्लॉगवर कितीजनांनं वाचलं त्याचा आकडा येते. फार काही नसे. पन दर बाजाराच्या दिवशी एक वाढे. आई मले बोलावून दाखवे. मने, पाय, आला माहा भाऊ वाचाले."

वावराचं मी अजून काही केलेलं नाही, वच्छे. इथं लिहून मोठा होत नाही. पोरांना सांगितलं, विहिरीकडची पट्टी सुनंदाच्या नावानं करू. मोठा म्हणाला, "बाबा, आता काऊन?" हा प्रश्न त्यानं मला विचारला तसा मी कधीच स्वतःला विचारला नव्हता. त्याच्याशी माझं बोलणं चालू आहे. तो माझ्यासारखाच आहे, म्हणून वेळ लागेल. होईल तेव्हा लिहीन. झालं नाही तर तेही लिहीन.

पण दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे केलं ते सांगतो.

निघताना तुझ्या खोलीत खुंटीला तुझं ओटीचं फडकं टांगलेलं दिसलं. कोपऱ्यात दोन-चार बोंडांचा कापूस तसाच अडकलेला. त्यातली एक सरकी मी बोटांनी मोकळी केली आणि खिशात टाकली. पहिल्या एसटीनं चिखलीला उतरलो. रफीकचं शटर बंद होतं, पायरीवर बसून राहिलो. तो आला, मला पाहून गाडीवरून उतरायचंच विसरला.

"चाचा? इतक्या सकाळी?"

मी लिफाफा दिला. "फूफीच्या अर्जाले जोड. सातबारा आला."

त्यानं उभ्या उभ्याच वाचलं. दोनदा वाचलं. मग अगदी हळू म्हणाला, "चाचा, नाम तो कंस में है. कमी केलेलं नाव है ये."

"कोनं कमी केलं ते बी वाच."

त्यानं वाचलं. मला वाटलं होतं तो काहीतरी बोलेल. माझं तोंड उतरेल. तू ज्याच्यासाठी दुकानाच्या दारातून परत गेलीस ते एकदाचं होऊन जाईल. पण रफीकनं कागद दोन्ही हातांनी धरला, शटर वर केलं आणि आत जाऊन टेबलावरचा कप पुसून माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, "गुरुजींची आन् माही सरकी पडेल हाये, चाचा. दोन साल झाले."

मी खिशातली सरकी टाकली. वाळलेली होती, कपात तिचा आवाज झाला.

रफीकनं यादीचं पान उघडलं. शेतकऱ्याचं नाव, असा रकाना होता. तो लिहायला बसला तर मी त्याच्या खांद्याला धरून उठवलं.

"तुमाले नाई जमनार, चाचा. मी टाकतो ना."

"हात नको लावू."

मी कधी त्या की-बोर्डच्या पाट्याला बोट लावलं नव्हतं. अक्षरं सगळी विखुरलेली, बाराखडीसारखी एका ओळीत नाहीत. रफीक मागं उभा राहून कोणतं कुठं आहे तेवढं सांगत होता. 'व' लवकर सापडला. 'च्छ' काही केल्या होईना, तीनदा चुकला, तीनदा पुसला. बाहेर झेरॉक्सवाले दोन-तीन जण येऊन उभे राहिले. कोणीतरी म्हणालं, "काका, पुढं सरका ना जरासे." रफीकनं त्याला हातानंच थांबवलं.

चौथ्यांदा झाला. मग 'ला' लिहिला. मग 'बाई' लिहिलं. मग वाचून पाहिलं, तू शिकवलं होतंस तसं, अक्षराखाली बोट ठेवून.